गल्ल्यातील नाण्याचे मोल



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नाण्यांचा एक डबा असतो. कुठे तो पितळेचा असतो, कुठे बिस्किटांचा जुना पत्र्याचा, तर कुठे तिजोरीच्या खालच्या खणातील मखमली बटवा. बंद झालेली पाच-दहा पैशांची नाणी, एखादा राजाच्या छापाचा रुपया, पाच-सहा नये पैसे आणि २००१ साली निघालेले भगवान महावीर यांच्या २६०० व्या जन्मकल्याणकाचे पाच रुपयांचे नाणे त्यात एकत्र नांदत असते. दुकानाच्या गल्ल्यात आलेली ही नाणी वडीलधाऱ्यांनी ‘राहू दे, पुढे किंमत येईल’ असे म्हणून बाजूला ठेवलेली असतात. अलीकडे मोबाईलवर ‘हे नाणे असेल तर तुम्ही लखपती’ अशा आशयाचे संदेश फिरू लागले आणि हे डबे पुन्हा उघडले जाऊ लागले.

म्हणून या महिन्यात एका साध्या प्रश्नाचा विचार करू. आपल्याच हयातीत, कोट्यवधींच्या संख्येने पाडले गेलेले सामान्य नाणे संग्राहकाच्या दृष्टीने किती मोलाचे, हे कशावरून ठरते? उत्तर वाचल्यावर व्यापारी वाचकांना ते ओळखीचे वाटेल. साठा किती, प्रत कोणती, गिऱ्हाईक कोण आणि प्रत्यक्ष हाती किती येणार, हे चार प्रश्न आपण रोज मालाबाबत विचारतो. नाण्यालाही तेच प्रश्न विचारायचे असतात.

तीन किमती, तीन हिशेब

प्रथम एक गोंधळ दूर करू. नाण्याच्या तीन वेगवेगळ्या किमती असतात: दर्शनी मूल्य, धातूचे मूल्य आणि संग्राहकाचे मूल्य.

दर्शनी मूल्य म्हणजे नाण्यावर लिहिलेली रक्कम. ते शासनाच्या शब्दावर उभे असते आणि शासनाच्या शब्दाने संपते. पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, म्हणजे व्यवहारापुरते त्यांचे दर्शनी मूल्य शून्य झाले. पन्नास पैशांचे नाणे मात्र आजही कायदेशीर चलन आहे, बाजारात ते कोणी घेत नसले तरी. दहा रुपयांच्या नाण्याविषयीही असाच संभ्रम पसरला होता. तेव्हा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की, तोपर्यंत निघालेली चौदाही रचनांची नाणी वैध आहेत. एखादी रचना वेगळी दिसते म्हणून ते नाणे खोटे ठरत नाही, आणि वेगळी दिसते म्हणून ते दुर्मीळही ठरत नाही.

धातूचे मूल्य जुन्या चांदीच्या रुपयाला असते, आणि तेही प्रत्येक जुन्या रुपयाला नसते. १९४० पूर्वीच्या रुपयात चांदीचे प्रमाण सुमारे ९१.७ टक्के होते. युद्धकाळात ते निम्म्यावर आणले गेले. १९४६ आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. ‘१९४७ चा चांदीचा रुपया’ म्हणून काही घरांत जपलेल्या नाण्याजवळ लोहचुंबक नेऊन पाहावे. निकेल चुंबकाला चिकटते, चांदी चिकटत नाही. स्वतंत्र भारताचा सामान्य रुपया निकेल, तांबे-निकेल आणि नंतर पोलाद यांचा झाला, म्हणून त्याच्या धातूला सांगण्यासारखी किंमत नाही. शिवाय २०११ च्या नाणे कायद्यानुसार चलनी नाणे वितळविणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

उरते संग्राहकाचे मूल्य. आपला प्रश्न त्याविषयी आहे. हे मूल्य शासन ठरवीत नाही, धातूही ठरवीत नाही. ते ठरते दोन गोष्टींच्या ताळमेळावर: त्या स्थितीतील किती नाणी शिल्लक आहेत, आणि ती हवी असणारे किती आहेत.

येथे वयाचा उल्लेख नाही, याची नोंद घ्यावी. सातवाहनांच्या काळातील सामान्य तांब्या-शिशाची नाणी जवळजवळ दोन हजार वर्षांची आहेत. तरी झिजलेल्या स्थितीत ती काही शेकडा रुपयांत मिळू शकतात, कारण ती विपुल सापडतात. वय हे मूल्याचे कारण नसते. वाढत्या वयाबरोबर नाणी नष्ट होत गेली असतील, तरच ते उपयोगी पडते.

पाडली किती आणि उरली किती

टांकसाळीने किती नाणी पाडली हा आकडा महत्त्वाचा खरा, पण तो हिशेबाची केवळ पहिली ओळ होय. अमेरिकेतील दोन उदाहरणे या विषयाच्या अभ्यासात नेहमी दिली जातात.

१९०९ साली अमेरिकेने अब्राहम लिंकन यांच्या प्रतिमेचा एक सेंट काढला. नाण्याचे शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरे त्यावर जरा ठळक होती. टीका झाल्यामुळे काही दिवसांतच ती काढून टाकण्यात आली. तोपर्यंत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत अशी सुमारे दोन कोटी ऐंशी लाख नाणी पाडून झाली होती, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत फक्त ४ लाख ८४ हजार. वर्ष, रचना, धातू, आद्याक्षरे सारे तेच. फरक सालाखालच्या ‘एस’ या एका बारीक अक्षराचा. आज पहिले नाणे किरकोळ खर्चात मिळते, दुसरे मात्र झिजलेले असले तरी त्याच्या कित्येक पट महाग पडते. एवढ्यावरून कोणी म्हणेल, कमी पाडले की किंमत वाढते. मग दुसरे उदाहरण पाहावे.

१९५० साली डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटची केवळ २६ लाख ३० हजारांच्या आसपास नाणी पाडली गेली. जेफरसन यांच्या प्रतिमेच्या त्या मालिकेतील हा नीचांक. परंतु ही बातमी लोकांना तेव्हाच समजली. व्यापाऱ्यांनी आणि हौशी मंडळींनी बँकांतून नाण्यांची न फोडलेली पुडकीच्या पुडकी उचलली आणि कपाटात ठेवली. १९६० नंतरच्या काही वर्षांत त्यांचे भाव दर्शनी किमतीच्या शेकडो पट चढले. १९६४ च्या सुमारास तेजी ओसरली, तेव्हा साठेबाजांच्या लक्षात आले की, माल प्रत्येकाच्याच कपाटात आहे आणि विकत घेणारा कोणीच नाही. भाव कोसळले. आज इतक्या वर्षांनंतरही ते नाणे कोरेकरकरीत स्थितीत माफक दरात मिळते, कारण बहुतेक नाणी कधी खर्चलीच गेली नाहीत.

या विषयाचे मर्म येथे आहे. जे नाणे सर्वांनी जपले, ते दुर्मीळ होत नाही. ज्याकडे कोणी लक्ष दिले नाही, जे मुकाट खर्चले गेले, झिजले, हरवले, परत गेले आणि वितळविले गेले, त्याचा एखादा कोरा नमुना उरला, तर त्याला संग्राहक शोधत येतो. पहिल्या वर्षाची नाणी लोक कुतूहलाने ठेवतात, नंतरच्या वर्षांची कोणी ठेवत नाही. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान चलन आले, रुपयाचे शंभर नये पैसे झाले, तेव्हा घरोघरी नव्या नाण्यांचा नमुना राखला गेला. ‘नया’ हा शब्द १९६४ मध्ये गळला. म्हणून १९५७ चा नया पैसा जुना वाटतो, गोड आठवणींचा वाटतो, पण त्याची टंचाई नाही.

भगवान महावीरांचे नाणे

आता आपल्या डब्यातील त्या पाच रुपयांच्या नाण्याकडे वळू. २००१ मध्ये २६०० व्या जन्मकल्याणकाच्या निमित्ताने ते निघाले. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे, सुमारे नऊ ग्रॅम वजनाचे हे नाणे चलनासाठीच पाडले गेले होते. कोणी ते बँकेतून नव्या पुडक्यातून आणले, कोणाला प्रभावनेत मिळाले, कोणी गल्ल्यात आलेले वेगळे काढले. ज्या समाजाला हे नाणे प्रिय, तो समाज काटकसरीचा, वस्तू जपणारा आणि व्यापारामुळे रोज नाणी हाताळणारा. परिणामी हे नाणे इतर अनेक पाच रुपयांच्या नाण्यांपेक्षा अधिक प्रमाणात, आणि अधिक चांगल्या स्थितीत, घराघरांत सुरक्षित राहिले असणार.

म्हणजे श्रद्धेनेच या नाण्याला दुर्मीळ होऊ दिले नाही. ही खंत करण्याची बाब नव्हे. पण ‘आमच्याकडे महावीरांची दहा नाणी आहेत, त्यांचे लाखो रुपये येतील’ अशी आशा बाळगणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब ओळखावा. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे, त्याच वर्षीचे संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे, २०१२ च्या वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या स्मारक मालिकेतील पाच व दहा रुपयांची नाणी, या सर्वांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. नाण्यावर कोणाचे चित्र आहे याने मागणी वाढते हे खरे. परंतु ज्या प्रेमाने मागणी वाढते, त्याच प्रेमाने साठाही वाढलेला असतो.

सालाखालची खूण

आपल्या देशात नाणी चार ठिकाणी पाडली जातात: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. सालाखाली बारीक खूण असते. हिऱ्याच्या आकाराची खूण मुंबईची, पाच टोकांचा तारा हैदराबादचा, वाटोळा ठिपका नोएडाचा. काहीच खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. जुन्या वर्षांत या खुणांत काही फरक आढळतात, पण ओळखीसाठी एवढे पुरे.

काही वर्षी नाण्यांची टंचाई भागविण्यासाठी परदेशी टांकसाळींचीही मदत घेण्यात आली. १९८५ च्या काही रुपयांवर सालाजवळ रोमन ‘एच’ हे अक्षर दिसते. ती बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण. हे नाणे लाखोंना विकले जाते, अशी आवई वरचेवर उठते. वस्तुतः ही नाणी टंचाई भागविण्यासाठी मागविली गेली होती, म्हणजेच ती मोठ्या संख्येने आली. खूण वेगळी असणे आणि नाणे विरळ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग खुणेला महत्त्व का? कारण अनेक गंभीर संग्राहक एका रचनेचे प्रत्येक वर्षाचे आणि प्रत्येक टांकसाळीचे एकेक नाणे जमवितात. अशा संग्रहात एखाद्या वर्षाची, एखाद्या टांकसाळीची जागा रिकामी राहते, आणि त्या एका जागेसाठी तो अधिक मोजायला तयार होतो. आपल्या हातातील नाणे कोणाची रिकामी जागा भरते का, हा खरा प्रश्न. म्हणून डबा तपासताना चित्राआधी साल आणि खूण पाहावी.

प्रत हाच भाव

कापड, धान्य, मसाले, सोने यांपैकी कोणताही व्यापार करणाऱ्याला प्रतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नाण्यातही तेच आहे. अतिशय दुर्मीळ नाणे झिजलेले असले तरी घेतले जाते. पण सामान्य आधुनिक नाणे झिजलेले असेल, तर संग्राहकाला त्याची गरज नसते, कारण तसे नाणे त्याला कोठेही मिळते. अशा नाण्याला दर्शनी मूल्यापेक्षा अधिक मिळण्याची शक्यता केवळ त्याच्या ताजेपणात असते.

टांकसाळीतून निघालेल्या नाण्यावर एक विशिष्ट झळाळी असते. ठशाच्या दाबाने धातू बाहेरच्या बाजूला वाहतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषांवर प्रकाश खेळतो. नाणे तिरके फिरविले की ही चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. काही काळ खिशात वा गल्ल्यात फिरलेल्या नाण्यावरून ती निघून जाते आणि परत आणता येत नाही. झीज पहिल्यांदा उंच भागांवर दिसते. अशोकस्तंभावरील सिंहाची आयाळ, गव्हाच्या ओंबीचे दाणे, अंकांच्या कडा तेथे पाहाव्यात.

या प्रतवारीसाठी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी सुचविली. पुढे ती सर्व नाण्यांना लागू झाली. साठ व त्यावरील अंक न वापरलेल्या नाण्यांसाठी असतात. आता काही परदेशी संस्था नाणे तपासून, अंक देऊन, पारदर्शक बंद पेटीत घालून देतात. दुर्मीळ नाण्याला याचा लाभ होतो. सामान्य नाण्याच्या बाबतीत मात्र तपासणीचे शुल्कच नाण्याच्या किमतीहून अधिक पडते, हे आधी पाहावे.

प्रतीचा सर्वांत मोठा शत्रू आपल्याच घरात असतो. दिवाळीच्या स्वच्छतेत नाणी चिंचेने, लिंबाने वा राखेने घासून लखलखीत करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. वहीपूजनाला चकचकीत नाणी मांडावीत ही भावना चांगली, पण त्यासाठी वेगळी नाणी ठेवावीत. घासलेल्या नाण्याची चमक ही धातूची चमक असते, टांकसाळीची नव्हे. जाणकार ती एका दृष्टिक्षेपात ओळखतो आणि भाव पाडतो. नाणे धरायचे तर कडेने धरावे. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते ठेवू नये, कारण त्यातील रसायनाने काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. नाण्यांसाठी मिळणारी आम्लरहित पाकिटे स्वस्त असतात, ती वापरावीत. ओलसर भिंतीलगत डबा ठेवू नये.

चुकलेले आणि बिघडविलेले

टांकसाळीत क्वचित चूक होते. ठसा नाण्याच्या मध्यावर न पडता बाजूला पडतो, एकाच नाण्यावर दोनदा उमटतो, दोन धातूंच्या नाण्यातील मधली चकती सरकते. अशी नाणी तपासणीतून निसटून बाहेर आली, तर त्यांना निश्चित मागणी असते. इंग्लंडमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या काही नाण्यांवर साल कोठेच उमटले नाही. नव्या रचनेत साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर नेले होते, आणि चुकून जुना ठसा नव्या ठशाशी जोडला गेला. अशी नाणी फार तर अडीच लाखांपर्यंत असावीत, असा अंदाज होता. लोकांनी ती आवडीने जमविली.

तथापि टांकसाळीतील चूक आणि बाहेर झालेला बिघाड यांत भेद आहे. नाणे टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर त्याला जे काही झाले, म्हणजे ठोकणे, तापविणे, घासणे, रेल्वेच्या रुळावर चपटे होणे, ते सारे नुकसान होय. मधली चकती मुद्दाम काढून उलटी बसविलेली नाणी ‘दुर्मीळ चूक’ म्हणून विकायला येतात. चूक कशी घडली असेल हे टांकसाळीच्या क्रियेवरून समजावून सांगता येत नसेल, तर ते नाणे घेऊ नये.

मागणीही कायम नसते, हे इंग्लंडच्याच आणखी एका नाण्याने दाखविले. लंडनच्या क्यू उद्यानाचे चित्र असलेले २००९ चे पन्नास पेन्सचे नाणे केवळ २ लाख १० हजार निघाले होते. काही वर्षे ते लोकांच्या हातून निमूटपणे खर्चले जात राहिले. कमी संख्येची वार्ता पसरली आणि त्याला दर्शनी किमतीच्या कित्येक पट भाव आला. भावापाठोपाठ बनावट नाणीही बाजारात आली. नाणे तेच, संख्या तीच, केवळ माहिती आली आणि गिऱ्हाईक आले. ज्या वाऱ्याने भाव चढतो, तो वारा दिशाही बदलतो.

यादीतील भाव आणि हाती येणारे पैसे

संग्राहकांच्या सूचीपुस्तकात प्रत्येक नाण्यापुढे किंमत छापलेली असते. ती विक्रेत्याची अंदाजी विक्री-किंमत असते, आणि तीही त्या विशिष्ट प्रतीच्या नाण्याची. आपण विकायला गेलो, तर व्यापारी त्याचा साठवणुकीचा काळ, जोखीम आणि नफा वजा करूनच बोलणार. यात गैर काही नाही, आपणही असेच करतो. जे नाणे त्याच्याकडे आधीच शंभर पडून आहे, ते तो कोणत्याही भावाने घेणार नाही. आणि संकेतस्थळावर कोणी लाख रुपये मागितले, म्हणजे ती किंमत झाली असे नव्हे. मागणे म्हणजे विकणे नव्हे. सौदा प्रत्यक्ष झाला तो भाव खरा.

परिचयातील एका व्यापारी घरात वडिलांच्या पश्चात तीन भावांची वाटणी झाली. दुकान, गोदाम, सोने यांवर शब्दाला शब्द लागला नाही. कटुता आली ती नाण्यांच्या डब्यावरून. मधल्या भावाला मोबाईलवरच्या संदेशांनी खात्री पटली होती की, डब्यात वीस-पंचवीस लाखांचा ऐवज आहे, आणि थोरल्याने तो लपवून ठेवला आहे. दोन दिवाळ्या भाऊ एकमेकांच्या घरी गेले नाहीत. शेवटी मामांनी पुढाकार घेऊन तिघांना एका अनुभवी संग्राहकासमोर बसविले. त्यांनी नाणी साल, खूण आणि प्रतीनुसार ओळीने मांडली. चांदीचे सात रुपये निघाले, त्यांची किंमत चांदीच्या भावाने ठरली. नाण्यांपैकी दोन-तीन थोड्या अधिक मोलाची होती. बाकी साऱ्याची किंमत जवळजवळ दर्शनी. एकूण बेरीज तिघांच्या एका सहलीच्या खर्चाएवढीही नव्हती. दोन वर्षांचा अबोला ज्या आकड्यासाठी होता, तो आकडा कोठे अस्तित्वातच नव्हता.

अबोल्याच्या पलीकडे आर्थिक फसवणूकही आहे. तिची पद्धत ठरलेली असते. नाण्याचे छायाचित्र पाठवा, असा संदेश येतो. मग दूरध्वनी येतो की, आपल्या नाण्याची किंमत पंचेचाळीस लाख ठरली. त्यानंतर नोंदणी शुल्क मागितले जाते, मग कर, मग कमिशन. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह असलेले बनावट पत्रही दाखविले जाते. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याविषयी जाहीर सावधगिरीचा इशारा दिला. बँक अशा व्यवहारांत पडत नाही, कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही, आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. व्यापाऱ्याला एवढी एक कसोटी पुरेशी असावी: माल विकणारा आपण, मग पैसे आधी आपणच का द्यायचे?

डबा उघडताना

या सर्व विवेचनातून कोणी नाणी जमविण्याचा नाद सोडावा, असा हेतू नाही. उलट नीट केले तर हे काम फार आनंदाचे आहे. सुटीच्या दिवशी मुलांना सोबत घेऊन बसावे. भिंग घ्यावे. नाणी वर्षानुसार मांडावीत, खुणा ओळखाव्यात, वहीत नोंद करावी. रोजमेळ लिहिण्याची पहिली सवय मुलांना अशीही लागते. आणा-पैशाचा हिशेब, दशमान पद्धती, निकेलकडून पोलादाकडे झालेला प्रवास, महागाईमुळे लहान होत गेलेला रुपया, या सर्वांतून देशाच्या आर्थिक इतिहासाचा एक धडा आपोआप होतो. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आणि मुंबईच्या फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय ही कुटुंबासह पाहण्याजोगी ठिकाणे आहेत.

काही नाणे विकायचेच असेल, तर एकाऐवजी दोन-तीन जाणकारांना दाखवावे, आगाऊ रक्कम कोणालाही देऊ नये, आणि नाणे घासू नये. विकत घेणार असाल, तर गुंतवणूक म्हणून घेऊ नका. टांकसाळीकडून मिळणारे मोठ्या दर्शनी मूल्याचे स्मारक नाणे चलनासाठी नसून संग्रहासाठी असते, त्यामुळे ते दर्शनी किमतीपेक्षा जास्त दराने विकले जाते. ते आवडीने घ्यावे, परताव्याच्या अपेक्षेने नव्हे.

आणि महावीरांचे ते पाच रुपयांचे नाणे? २१ एप्रिल २०२४ रोजी २५५० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त दिल्लीत आणखी एक स्मारक नाणे प्रकाशित झाले. ज्या घरांत पहिले आहे, तेथे दुसरेही येईल, आणि दोन्ही जपली जातील. त्यामुळे त्यांचा भाव फारसा चढण्याची शक्यता नाही. तरी ती नातवाच्या हातात देताना त्याला सांगण्यासारखे पुष्कळ असते: ती कोणाच्या स्मरणार्थ निघाली, आजोबांना कोठे मिळाली, कोणत्या वर्षी मिळाली. हे सारे आज वहीत लिहून ठेवावे आणि ते पान नाण्यासोबत पाकिटात घालावे. बाजारात त्या पानाला किंमत नाही. घरात मात्र पंचवीस वर्षांनी नाण्याआधी तेच वाचले जाईल.